लाल दुवा निळा होताना

मराठी विकिपीडियावर एखाद्या पुरस्काराची यादी उघडली की काही नावं निळी दिसतात, काही लाल. निळ्या नावावर टिचकी मारली की त्या लेखकाचं पान उघडतं. लाल नावावर मारली तर मोकळी चौकट समोर येते. या नावाचं पान अजून कुणी लिहिलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. गेली काही वर्षं फावल्या वेळात मी या लाल नावांच्या मागे असते. हे काम नेमकं कसं चालतं, कोण कुणाचं ऐकतं, चूक झाली तर काय होतं, असं ओळखीपाळखीचे लोक नेहमी विचारतात. म्हणून एकदा नीट लिहून काढते आहे.

बहुतेकांच्या मनात दोनपैकी एक चित्र असतं. कुठेतरी ऑफिस आहे, तिथे पगारी माणसं बसून हे लिहितात, हे एक. किंवा कुणीही उठतो आणि वाटेल ते खरडतो, हे दुसरं. सॅन फ्रान्सिस्कोतली विकिमीडिया फाउंडेशन नावाची ना-नफा संस्था देणग्यांवर सर्व्हर आणि सॉफ्टवेअर सांभाळते, पण केशवसुतांविषयी काय लिहायचं हे ती ठरवत नाही. ते ठरवतात तुमच्या-माझ्यासारखे, एकमेकांना बहुधा कधीच न भेटलेले सदस्य. आणि ‘कुणीही’ लिहू शकतो हे खरं असलं तरी ‘वाटेल ते’ तिथे टिकत नाही. ते का टिकत नाही, हाच या सगळ्या कामाचा गाभा आहे.

मराठीला कोशांची परंपरा मोठी. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी शंभर वर्षांपूर्वी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड काढले. पुढे वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोश उभा राहिला. या कोशांत नोंद कुणी लिहायची हे संपादक ठरवतात, लिहिलेली नोंद जाणकार तपासतात, मग ती छापली जाते. विकिपीडियाने हा क्रमच उलटा केला. इथे मजकूर आधी प्रसिद्ध होतो आणि तपासणी त्यानंतर सुरू होते, ती कधीच संपत नाही. इंग्रजी विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला, मराठी १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनी. तेव्हापासून प्रत्येक पानावर ‘संपादन’ असा शब्द आहे आणि तो वाचणाऱ्या प्रत्येकासाठी आहे.

आत शिरल्यावर मला सगळ्यात आधी आवडले ते इथले शब्द. सगळ्यांनी मिळून बोलायची जागा म्हणजे चावडी. लिहून पाहायची, चुकलं तर पुसायची जागा म्हणजे धूळपाटी. एकच काम हजार पानांवर न कंटाळता करणाऱ्या संगणकी प्रोग्रॅमला म्हणतात सांगकाम्या. ज्यांना पान वगळायचे, सुरक्षित करायचे जास्तीचे अधिकार दिलेले असतात ते प्रचालक. हे शब्द स्वयंसेवकांनीच रुळवले आहेत, आणि ते वाचून परक्या घरी आल्यासारखं वाटत नाही.

माझं पहिलं पान मात्र दोन दिवसही टिकलं नाही. आमच्या भागातले एक कवी, लहानपणी शाळेत त्यांच्या कविता ऐकलेल्या. त्यांच्या सत्काराची एक पुस्तिका घरात होती. तिच्यातला परिचय मी जवळजवळ जसाच्या तसा टाइप केला आणि समाधानाने झोपले. सकाळी पानाच्या डोक्यावर सूचना लागलेली होती आणि मजकुराचा मोठा भाग गेलेला होता. वाईट वाटलं, रागही आला. मग चर्चा पानावरची, म्हणजे लेखाविषयी बोलण्यासाठी त्याला जोडलेल्या वेगळ्या पानावरची, नोंद शांतपणे वाचली. तिच्यात तीन गोष्टी होत्या, आणि खरं सांगायचं तर या कामातलं जवळजवळ सगळं त्या तीन गोष्टींत येतं.

पहिली, मजकूर उचललेला आहे. पुस्तिका कुणीतरी लिहिली आहे, तिच्यावर त्याचा प्रताधिकार आहे. विकिपीडियावरचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली असतो. श्रेय द्या, आणि बदल करून पुढे दिलात तर तोही याच परवान्याखाली द्या, या अटींवर तो कुणीही वापरू शकतो, अगदी छापून विकूही शकतो. जे आपलं नाही ते असं जगाला वाटून टाकायचा अधिकार मला नव्हता. माहिती कुणाच्या मालकीची नसते, वाक्यं असतात. म्हणून वाचायचं, बाजूला ठेवायचं आणि आपल्या शब्दांत लिहायचं.

दुसरी गोष्ट उल्लेखनीयतेची. या शब्दाने अनेकांची मनं दुखावतात, कारण तो लायकीचा निवाडा वाटतो. प्रत्यक्षात प्रश्न एवढाच असतो, की या माणसाविषयी, त्याच्याशी संबंध नसलेल्या कुणी, कुठे सविस्तर लिहून छापलं आहे का? सत्कार समितीची पुस्तिका इथे चालत नाही, कारण ती सत्कारासाठीच निघते. प्रकाशकाने मलपृष्ठावर छापलेला परिचय चालत नाही, लेखकाची स्वतःची वेबसाइट चालत नाही. वाङ्मयकोशातली नोंद, मासिकातला समीक्षालेख, वृत्तपत्राने घेतलेला कामाचा आढावा, विद्यापीठातला प्रबंध हे चालतं.

तिसरी, संदर्भ. ‘मला माहीत आहे’ याला इथे काही किंमत नाही, आणि हे पचवणं सगळ्यात अवघड. त्या कवींच्या घरी मी लहानपणी गेलेली होते, त्यांचं गाव, भावंडं, नोकरी सगळं ठाऊक होतं. पण वाचणाऱ्याला मी कोण हे कसं कळणार? त्याला पडताळून पाहता येईल असं काहीतरी हातात द्यावं लागतं. अमुक अंक, अमुक साल, अमुक पान. लिहिणाऱ्याची ओळख पुसली गेली की भार सगळा संदर्भावर येतो. प्राध्यापक आणि अकरावीतली मुलगी इथे एका पंगतीला बसतात ते त्यामुळेच. पंगतीत पान मांडलं जातं ते संदर्भ पाहून.

यानंतर येतो तटस्थपणा, आणि त्यात आपण मराठी माणसं हमखास अडखळतो. लेखकाविषयी लिहायला बसलो की विशेषणं आपोआप हाताला येतात. थोर, ज्येष्ठ, सुप्रसिद्ध, सरस्वतीचे वरदपुत्र, महाराष्ट्राचे लाडके. ही सवय गौरवसमारंभांतून आली आहे आणि तिच्यात प्रेमच आहे, पण कोशात तिचा उपयोग होत नाही. ‘वि. स. खांडेकर हे मराठी साहित्याच्या आकाशातील तेजस्वी तारा होते’ हे वाक्य वाचून हाती काय लागतं? त्याच्या जागी लिहा: ‘खांडेकरांनी १९२० ते १९३८ या काळात शिरोड्याच्या शाळेत शिक्षक म्हणून काम केलं. १९७४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. हा सन्मान मिळवणारे ते पहिले मराठी लेखक.’ यात एकही स्तुतीचा शब्द नाही, तरी माणूस किती मोठा ते कळतं. नव्या लोकांना शिकवताना मी आधी विशेषणं खोडायला लावते. काही वेळा अख्खा परिच्छेद खोडला जातो. मग कळतं की त्या परिच्छेदात माहिती नव्हतीच.

आदरार्थी बहुवचन मात्र ठेवायचं. ‘तो कवी होता’ असं मराठी कोशात कुणी लिहीत नाही, ‘ते कवी होते’ हेच सहज मराठी आहे. श्री., कै., जी ही शेपटं काढायची.

आता अनोळखी माणसं एकत्र काम कशी करतात, ते पाहू. प्रत्येक पानाला ‘इतिहास’ असतो. कोणत्या दिवशी, किती वाजता, कुणी कोणता शब्द बदलला हे त्यात कायम राहतं, आणि कोणतीही जुनी आवृत्ती परत आणता येते. कुणी खोडसाळपणे सगळं पान पुसलं तरी एका टिचकीत ते पूर्ववत होतं. ज्या पानांची काळजी वाटते ती आपल्या पहाऱ्याच्या सूचीत घालायची. त्यात बदल झाला की यादीत दिसतो. पहिल्या दिवसापासून असे दहा-वीस जण एखाद्या पानावर नजर ठेवून असतील तर ‘वाटेल ते’ लिहिणाऱ्याचं फार काळ चालत नाही. ज्या पानावर कुणाचाच पहारा नाही तिथे मात्र चूक वर्षानुवर्षं बसून राहते. छोट्या भाषांच्या विकिपीडियांना ही काळजी जास्त, कारण पानं पुष्कळ आणि पहारेकरी थोडे.

आणि चर्चा पान. केशवसुतांचं उदाहरण घ्या. कृष्णाजी केशव दामले, जन्म मालगुंडचा, मृत्यू ७ नोव्हेंबर १९०५ रोजी हुबळीला, प्लेगने. पण जन्मतारीख? छापील साहित्यात दोन भेटतात, १५ मार्च १८६६ आणि ७ ऑक्टोबर १८६६. एकाने एक पुस्तक वाचलेलं असतं, दुसऱ्याने दुसरं, आणि दोघंही प्रामाणिक असतात. अशा वेळी एकाने बदलायचं, दुसऱ्याने परतवायचं, पहिल्याने पुन्हा बदलायचं, असं सुरू झालं तर त्याला संपादनयुद्ध म्हणतात. ते हाताबाहेर गेलं की प्रचालक पान काही काळ सुरक्षित करतात. शहाणा रस्ता चर्चा पानावरून जातो. असा निरोप तिथे नेहमी दिसतो: ‘नमस्कार. आपण जन्मतारीख बदललेली पाहिली. संदर्भ दिसला नाही, कृपया द्यावा. माझ्याकडच्या ग्रंथात वेगळी तारीख आहे, पान क्रमांक खाली देत आहे.’ खाली चार नागमोडी रेघा टाइप केल्या की सदस्यनाव आणि वेळ आपोआप उमटते.

मग निकाल काय लागतो? जन्मतारखेची निवड मतदानाने होत नाही, आणि आपणच खरी तारीख शोधून काढायची असंही नाही. नवं संशोधन करण्याची ही जागाच नव्हे. दोन विश्वासार्ह ग्रंथ दोन तारखा देत असतील तर दोन्ही द्यायच्या, कुठली कुठून आली ते सांगायचं. वाचकाला मतभेद दिसू द्यायचा. मला यात फार मोठं सौजन्य वाटतं. ज्याला प्रश्न पडेल तो मूळ ग्रंथापर्यंत जाऊ शकतो.

चित्रकारांच्या बाबतीत चुका कशा पसरतात ते सांगायला एक चित्र पुरेसं आहे. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात एक जलरंगचित्र आहे. हातात दिवा घेतलेली स्त्री, ज्योतीपुढे धरलेला तळवा, बोटांच्या फटींतून झिरपणारा लालसर उजेड. कॅलेंडरांवर आपण सगळ्यांनी ते पाहिलेलं आहे. पुष्कळ लोक बेधडक सांगतात की ते राजा रविवर्मांचं. ते आहे सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं, मूळ सावंतवाडीचे, जन्म १८८२. समोर उभी राहिली होती त्यांची मुलगी. रविवर्मा १९०६ साली वारले, तेव्हा ती जन्मलेलीही नव्हती.

आता समजा, कुणी तरी घाईत एका पानावर हे चित्र रविवर्मांच्या नावावर टाकलं. एका वृत्तपत्राच्या पुरवणीने ते वाचून तसंच छापलं. सहा महिन्यांनी दुसऱ्या सदस्याने पुरवणीतला लेख पाहिला आणि विकिपीडियावर त्याचाच संदर्भ जोडला. झालं, चुकीला संदर्भ मिळाला! बाहेरून पाहणाऱ्याला दोन स्वतंत्र साक्षीदार दिसतात, प्रत्यक्षात आवाज एकच आणि त्याचा प्रतिध्वनी. म्हणून जुनी संपादक मंडळी संदर्भाचं साल पाहतात. विकिपीडियावर वाक्य आल्यानंतर छापलेला, आणि स्वतःची माहिती कुठून आली हे न सांगणारा लेख फारसा कामाचा नाही. त्यापेक्षा जुना प्रदर्शन कॅटलॉग, संग्रहालयाची नोंद, चित्रकाराचं चरित्र शोधावं.

हे चित्र पानावर लावता येईल का? हळदणकर १९६८ साली गेले. भारतात कलाकृतीवरचा हक्क कलाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, आणि ती वर्षं मृत्यूच्या पुढच्या जानेवारीपासून मोजायची. म्हणजे ते मुक्त होईल १ जानेवारी २०२९ रोजी. एम. व्ही. धुरंधर १९४४ साली वारले, त्यांची चित्रं २००५पासून मुक्त आहेत. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून २०११पासून त्यांचं हयातीत छापलेलं लेखन विकिस्रोतासारख्या मुक्त ग्रंथालयात ठेवता येतं. हा हिशोब बोटांवर करता येतो आणि दर १ जानेवारीला आमच्यातले काही जण तो खरंच करत बसलेले असतात.

लेखकांच्या फोटोंचंही तसंच. गुगलवर सापडलेला फोटो उचलून टाकला की तो काढला जातो. चालतो तो आपण स्वतः काढलेला आणि स्वतः मुक्त परवाना दिलेला. त्यामुळे विकिपीडियावर पुष्कळ हयात लेखक संमेलनाच्या व्यासपीठावर, माइकसमोर बोलताना दिसतात. स्वयंसेवकाला कॅमेरा घेऊन पोहोचता येईल अशी तीच जागा होती. दिवंगत लेखकाचा चौकातला पुतळा असेल तर त्याचा फोटो घेता येतो, सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या शिल्पाला कायद्यात तशी मोकळीक आहे. त्याच चौकातल्या भिंतीवर रंगवलेल्या चित्राला ती नाही.

मराठी लेखकांचा आणखी एक खास पेच म्हणजे नावं. विष्णु वामन शिरवाडकर शोधणारा आणि कुसुमाग्रज शोधणारा एकाच पानावर पोहोचला पाहिजे. गोविंदाग्रज म्हणजे राम गणेश गडकरी, आरती प्रभू म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकर, ग्रेस म्हणजे माणिक गोडघाटे, बी म्हणजे नारायण मुरलीधर गुप्ते. यासाठी पुनर्निर्देशनं असतात. टोपणनावाचं पान उघडायला जावं आणि मुख्य पानावर आपोआप यावं. शिवाय ‘विष्णु’ ऱ्हस्व की ‘विष्णू’ दीर्घ, ‘पु. ल.’मध्ये मोकळी जागा आहे की नाही, या प्रत्येक फरकाने संगणकाला वेगळं नाव दिसतं. उलट बाजूने, एकच नाव आणि माणसं दोन. ‘बहिणाबाई’ म्हटलं की कुणाला तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाई हव्या असतात, तर कुणाला खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी, ज्यांची गाणी त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली पुस्तकरूपाने आली. मधे दोन-अडीचशे वर्षांचं अंतर! अशा ठिकाणी निःसंदिग्धीकरणाचं पान करतात, दोन वाटा दाखवणाऱ्या पाटीसारखं. काम कंटाळवाणं, नाव कुणाचं होत नाही, पण रोज वाचणाऱ्यांच्या ते कामी येतं.

हयात व्यक्तींच्या पानांवर सगळे जास्त सावध असतात. वादग्रस्त विधान संदर्भाशिवाय आलं तर चर्चेची वाट न पाहता काढायचं. मराठीत एक शब्द फार जड आहे, ‘आहेत’चं ‘होते’ करणं. एखाद्या ज्येष्ठ कलावंताच्या निधनाची अफवा व्हॉट्सॲपवर फिरते आणि कुणीतरी तो एक शब्द बदलतं. त्या माणसाच्या घरचे लोक तो वाचणार असतात. म्हणून विश्वासू वृत्तपत्राची बातमी हाती येईपर्यंत तो शब्द परतवत राहायचा. चार तास उशीर झाला तर काही बिघडत नाही.

या पद्धतीची एक बाजू मात्र मला खुपते आणि तिच्यावर मला अजून उत्तर सापडलेलं नाही. जे छापलं गेलं तेच इथे येऊ शकतं. मग जे कधी छापलंच गेलं नाही त्याचं काय? लावणीगायिका यमुनाबाई वाईकरांना २०१२ साली पद्मश्री मिळाली, बातम्या आल्या, संदर्भ सहज जमले. त्या २०१८ साली गेल्या तेव्हा मृत्युलेख आले. पण त्यांच्या पिढीतल्या किती गायिका, ढोलकीवाले, शाहीर, वाघ्या-मुरळी असे असतील ज्यांना हजारोंनी ऐकलं आणि ज्यांच्याविषयी कुणी दोन ओळी छापल्या नाहीत. स्त्रियांच्या बाबतीत हे अधिक. कवीचं नाव मिळतं, त्याच्या ओव्या ज्या आईकडून आल्या तिचं नाव मिळत नाही. पडताळणीचा नियम सोडला तर कोश कोसळेल हे मला पटतं, आणि नियम पाळला की या माणसांना जागा मिळत नाही हेही समोर दिसतं. आपल्या हातात असतं ते आधीचं काम. मुलाखत घेऊन ती मासिकाला देणं, तालुक्याच्या वृत्तपत्राला लिहायला लावणं, जुने दिवाळी अंक रद्दीत जाण्याआधी वाचनालयात पोहोचवणं. पान त्यानंतर येतं.

आणि संदर्भ खरोखर वाचनालयांतच आहेत. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचं, मुंबईचं १८९८ पासूनचं. मराठी लेखकाविषयी जे काही लिहिलं गेलं त्याचा मोठा भाग गुगलला ठाऊकच नाही. तो बांधीव खंडांत, पिवळ्या कागदावर, ग्रंथपालांनी शोधून दिला तरच मिळणारा आहे. मराठी लेखकांची पानं मराठी वाचणाऱ्यांनीच लिहायला हवीत, असं मी म्हणते ते म्हणूनच. दुसऱ्या भाषेतून भाषांतर करून ती होणार नाहीत, कारण माल इथे आहे.

त्या आमच्या कवींचं पान मी पुढे वर्षभराने पुन्हा लिहिलं. जिल्ह्याच्या ग्रंथालयात तीन शनिवार गेले. एका मासिकात त्यांच्या दुसऱ्या संग्रहावर सव्वादोन पानी परीक्षण सापडलं, एका दिवाळी अंकात त्यांच्यावरचा लेख, एका वृत्तपत्रात शोकवार्तेबरोबर कामाचा आढावा. पान झालं अवघ्या अकरा ओळींचं, प्रत्येक ओळीला संदर्भ. या वेळी ते राहिलं. पहिल्या संग्रहाचं साल मात्र मला कुठेच मिळालं नव्हतं, म्हणून ती जागा रिकामी सोडली होती. पाच महिन्यांनी पहाऱ्याच्या सूचीत ते पान वर आलं. माझ्या ओळखीचं नसलेलं सदस्यनाव, एकच बदल. त्या जागी चार अंक आले होते आणि बदलाबरोबर लिहायच्या छोट्या सारांशात लिहिलं होतं, ‘आजोबांच्या कपाटात प्रत सापडली, मुखपृष्ठामागच्या पानावरून.’